खंबाटकीत गाडी मिसिंग मारते, सपाटीला नाही: स्पार्क प्लग कधी बदलायचे आणि कोणते घ्यायचे?

घाटवाट, सातारा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो. गाडी पेट्रोल-सीएनजी, चार सिलिंडरची, दहा वर्षं वापरलेली, ६२ हजार किलोमीटर झालेली. मागच्या सीटवर आई. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तशी गाडी ओढ घ्यायचं सोडून उचक्या द्यायला लागली. मागे कंटेनरची रांग, बाजूला कठडा. घाबरून बटण दाबलं, गाडी पेट्रोलवर घेतली आणि थोड्याच वेळात ती गुमान चढायला लागली. घाट उतरल्यावर सपाटीला पुन्हा गॅसवर घेतली, तर साताऱ्यापर्यंत एक झटका नाही.

म्हणजे दुखणं फक्त चढाला आणि फक्त गॅसवर. साहजिकच सगळ्यांनी गॅस किटकडे बोट दाखवलं. एका गॅरेजमध्ये किटचं ट्यूनिंग करून घेतलं, गॅसचा फिल्टर बदलला, पैसे दिले. चार दिवसांनी यवतेश्वरच्या चढाला पुन्हा तेच.

शेवटी रविवारी सकाळी इंजिन गार असताना स्वतः प्लग काढले. गाडीच्या पुस्तकात निकेलचे प्लग ४० हजारांना बदला असं स्वच्छ लिहिलंय. मी सर्व्हिसिंगची जुनी बिलं काढून बघितली, तर दर वेळी ‘प्लग क्लीनिंग’. प्लग बदलल्याचं एकही बिल नाही. पट्टीने गॅप, म्हणजे ठिणगी जिथं उडते त्या दोन टोकांतलं अंतर, मोजला. असायला हवा १.१ मिलिमीटर, निघाला १.४ च्या आसपास. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, झिजलेल्या पेन्सिलीसारख्या.

मग बसून हिशेब केला. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लगवर एक ठिणगी पडते. ताशी ८० च्या वेगाला इंजिन २,५०० फेऱ्यांवर आहे असं धरलं, तर मिनिटाला १,२५० ठिणग्या. शंभर किलोमीटरला ७५ मिनिटं लागतात, म्हणजे ९३,७५० ठिणग्या. ४० हजार किलोमीटरला एकेका प्लगने पावणेचार कोटी वेळा ठिणगी टाकलेली असते. माझ्या प्लगांनी त्याच्या दीडपट काम केलं आणि मी दहा वर्षांत त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही, याचं वाईट वाटलं.

आता प्रश्न नव्या प्लगचा. दुकानात निकेलचे चार प्लग सहाशेच्या आत सांगितले, इरिडियमचे चार तीन हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतो इरिडियम टाका, ॲव्हरेज वाढेल. माझं रनिंग वर्षाला सहा-सात हजार, त्यातलं निम्मं राजवाडा ते पोवई नाका, म्हणजे गावातल्या गावात. मी काय घ्यावं? आणि फक्त चढाला, फक्त गॅसवर हे का व्हावं, हे कुणी समजावून सांगेल का?

---

पानेवाला, कुपवाड

घाटवाट दादा, तुम्ही लक्षणं एवढी नेमकी लिहिलीत की निम्मं काम तिथंच झालं. मी बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठिणगी म्हणजे दोन टोकांमधली हवा फोडून वीज पलीकडे जाणं. हवा जितकी दाबलेली आणि अंतर जितकं जास्त, तितकं व्होल्टेज जास्त लागतं. सपाटीला तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर हलका असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, दाब कमी असतो. चढाला पाय पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो. त्यात गॅस-हवेच्या मिश्रणातून ठिणगी न्यायला पेट्रोलपेक्षा जास्त जोर लागतो. त्यात तुमचा गॅप १.४. तीन ओझी एकाच वेळी प्लगला वीज पुरवणाऱ्या एका कॉइलवर पडली. कॉइलची ताकद जिथं संपते तिथं ठिणगी पडत नाही, आणि त्यालाच आपण मिसिंग म्हणतो. पेट्रोलवर घेतल्यावर त्यातलं एक ओझं उतरलं, म्हणून गाडी चढली. बरी झाली म्हणून नाही. अजून पाच हजार किलोमीटर तशीच चालवली असती, तर पेट्रोलवरही मारली असती.

सीएनजीच्या गाडीचे प्लग आधी बोलतात हे कायम लक्षात ठेवा. म्हणून गॅसवर जास्त पळणाऱ्या गाडीला मी पुस्तकातल्या आकड्यापर्यंत थांबत नाही. ४० हजार लिहिलं असेल तर २५ ते ३० हजारांना निकेलचे बदलून टाकतो. रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांना त्याच्याही आधी.

आणि मिसिंग अंगावर काढू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेने जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं. तो तापून आतून वितळला की तीन हजारांचे प्लग महाग होते का, हा प्रश्नच उरत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर गॅरेज गाठायला वेळ आहे. तोच लुकलुकायला लागला तर पाय सैल करा, गाडी बाजूला घ्या.

प्लगच्या जातीबद्दल जेवून आल्यावर लिहितो.

---

जावळीकर, मेढा

माझी डिझेल जीप आहे. ९० हजार झाले, प्लग कधीच बदलले नाहीत. बदलू का?

---

पानेवाला, कुपवाड

दादा, डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. तिथं हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं. तुमच्या गाडीत ग्लो प्लग असतील, आपण त्यांना हीटर म्हणतो. त्यांचं काम थंडीत गाडी चालू करून देण्यापुरतं. मेढ्याच्या थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला गाडी लागत असेल तर त्यांना हात लावू नका.

आता जाती. लोक ‘कॉपर प्लग’ म्हणतात तो खरं म्हणजे निकेलचा. तांबं आतल्या गाभ्यात असतं, उष्णता बाहेर काढायला, आणि ते इरिडियमच्या प्लगातही असतं. फरक टोकाच्या धातूचा आहे. निकेल साधारण १,४५५ अंशाला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. इरिडियम कठीणही आहे, म्हणून त्याचं टोक अगदी बारीक करता येतं. निकेलचं टोक अडीच मिलिमीटर जाड असतं, इरिडियमचं ०.६, काही प्लगांत ०.४. टोक बारीक असलं की वीज तिथून सहज उडी मारते, कमी व्होल्टेज लागतं. धारदार सुरीला जोर कमी लागतो तसं समजा. आयुष्यही मोठं. इरिडियम ८० हजार ते लाखापर्यंत जातो, प्लॅटिनम त्याच्या अलीकडे.

पण ॲव्हरेज वाढेल हे मला पटत नाही. झिजलेले प्लग काढून नवे निकेल टाकलेत तरी ॲव्हरेज परत येणार, कारण ते गेलं होतं. चांगले निकेल काढून इरिडियम टाकले तर तुम्हाला फरक कळणारही नाही.

मी असं ठरवतो. कंपनीने इरिडियम दिलेला असेल, तर पैसे वाचवायला निकेल कधीच टाकू नका. लहान टर्बो इंजिनात तर अजिबात नाही, तिथं सिलिंडरमधला दाबच मोठा असतो. कंपनीने निकेल दिला असेल आणि गाडी फक्त पेट्रोलवर, रनिंग कमी, तर निकेलच घ्या आणि वेळेवर बदला. पेट्रोल-सीएनजी, घाटाची ये-जा आणि प्लगपर्यंत हात पोचायला अडचण, असं तिन्ही असेल तर इरिडियमचे पैसे वसूल होतात. तुमचं यातलं दोन जुळतंय. मी तुमच्या जागी असतो तर इरिडियम टाकला असता, पण त्याच नंबरशी जुळणारा, कंपनीने मान्य केलेला.

---

तंतुवाद्य, मिरज

नंबरवरून आठवलं. माझ्याकडे २००५ ची होंडा सिटी आहे, आय-डीएसआय इंजिनवाली. तिला चार सिलिंडरना आठ प्लग असतात, पुढे चार, मागे चार. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. एका मिस्त्रीने ‘सगळे प्लग बदलले’ म्हणून चारचे पैसे घेतले. दोन वर्षांनी दुसऱ्याने मागचे काढले तर ते काळेठिक्कर आणि आट्यांत गच्च धरलेले. मागच्या बाजूला हात जात नाही म्हणून पहिल्याने सोडून दिले होते. गाडीला किती प्लग आहेत ते पुस्तकात बघा आणि तेवढे जुने प्लग हातात मागून घ्या. आमच्याकडे पल्सरवाल्या पोरांनाही हे सांगावं लागतं. तिच्या बऱ्याच मॉडेलांत एका सिलिंडरला दोन प्लग असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

---

पानेवाला, कुपवाड

जुने प्लग हातात मागून घ्या, हे अगदी बरोबर.

नंबरचं थोडं सांगतो, कारण दुकानात ‘हा पण बसतोय’ म्हणून काहीही देतात. एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा नंबर घ्या. बी म्हणजे आट्याचा व्यास १४ मिलिमीटर. के म्हणजे १६ चा पाना. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. तो नसला तर रेडिओत खरखर येते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरलाही त्रास होतो. ६ हा उष्णतेचा अंक. ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा ११ म्हणजे गॅप १.१. यातली लांबी चुकली तर सर्वांत वाईट. लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो, आखूड बसवला तर हेडचे (प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाचे) उरलेले आटे उघडे राहून कार्बनने भरतात.

उष्णतेच्या अंकात एक फसगत आहे. एनजीके आणि डेन्सोचा अंक मोठा म्हणजे प्लग थंड, उष्णता लवकर सोडणारा. बॉशचं बरोबर उलटं, अंक मोठा म्हणजे प्लग गरम. म्हणून एका कंपनीचा अंक बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने घेऊ नका. दुकानात जुळणीचा तक्ता असतो, तो उघडायला लावा.

---

कोयनाकाठ, कऱ्हाड

घाटवाट, स्वतः बसवणार असाल तर माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये गरम इंजिनात प्लग काढले आणि नवे थेट लांब रॅचेटने आवळले. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तिरका शिरला होता. पुढे दोन महिन्यांनी तो काढताना हेडचे आटे सोबत घेऊन आला. ॲल्युमिनियमचं हेड, त्यापुढे लोखंडाच्या प्लगचं काय जातंय. हेड उतरवून आत नवीन आट्याची बुशी बसवावी लागली. गाडी आठ दिवस उभी आणि खर्च प्लगच्या वीसपट.

त्यानंतर मी हे काम स्वतःच करतो. इंजिन पूर्ण गार. कॉइल काढल्या की आधी प्लगच्या खळग्यात कॉम्प्रेसरची हवा मारायची, नाहीतर तिथली वाळू प्लग काढताना सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग रबरी नळीच्या तोंडात धरून बोटांनी फिरवायचा. आटा चुकला तर नळी हातात सरकते, जोर लागतच नाही. पूर्ण बसेपर्यंत पान्याला शिवायचं नाही. मग १४ मिलिमीटरच्या आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ च्या आट्याला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर नवा वायसरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. निसरड्या आट्यावर तोच टॉर्क जास्त आवळतो.

---

गावभागची सून, सांगली

विषय थोडा बाजूचा आहे, पण आमच्याकडे पाऊस आला की मला हे सांगावंसं वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आमची गाडी दारातच होती, बॉनेटच्या वर पाणी. पाणी ओसरल्यावर सासरे म्हणाले एकदा सेल्फ मारून बघू. शेजारच्या काकांनी हात धरून थांबवलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आम्ही आधी बॅटरी सोडवली. मिस्त्री आल्यावर चारही प्लग काढले, बॅटरी दुसरी जोडून प्लगशिवाय इंजिन फिरवलं. दोन सिलिंडरमधून गढूळ पाण्याची चिळकांडी अंगणाच्या भिंतीपर्यंत गेली. ते दृश्य मी विसरणार नाही. प्लग आत असते तर इंजिन गेलंच असतं. नंतर ऑइल दोनदा बदललं, नवे प्लग टाकले. गाडी आजही आहे. पुरात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवू नका, आधी प्लग काढा. हे मी आमच्या गल्लीत प्रत्येकाला सांगते.

---

घाटवाट, सातारा

ताई, तुमचा प्रतिसाद मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला.

पानेवाले दादा, जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवलेत. पहिला, दुसरा आणि चौथा टोकाला फिकट तपकिरी. तिसरा टोकाला तसाच आहे, पण त्याचे आटे आणि वरचा पांढरा भाग तेलाने ओला. चारही प्लगांच्या पांढऱ्या चिनीमातीवर, धातू सुरू होतो तिथं, तपकिरी कडं दिसतंय. इंजिन ऑइल खातंय का?

---

पानेवाला, कुपवाड

दादा, प्लग वाचणं ही या धाग्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. डॉक्टर जीभ बघतात तसा मी गिऱ्हाइकाचा प्लग बघतो.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर निरोगी. तुमचे चारही निरोगी आहेत. टोक कोरडं काळं, हाताला काजळी लागणारं, तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, नाहीतर गाडी फक्त गावातल्या गावात फिरतेय. प्लगचं टोक ४५० अंशाच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. राजवाडा ते पोवई नाका एवढ्या फेरीत ते तेवढं तापतच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला अर्धा तास मोकळी पळवा.

टोक काळं आणि तेलकट, ओलं, तर मात्र वाईट बातमी. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत, ऑइल आत जळतंय. तिथं नवा प्लग टाकून फक्त दिवस ढकलले जातात. आणि टोक पांढरंफटक, त्यावर फोड आलेले, तर प्लग अति तापतोय. मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने इंधन कमी), कूलिंगमध्ये दोष आहे किंवा चुकीच्या नंबरचा प्लग आहे. तशी गाडी लांब नेऊ नका.

तुमच्या तिसऱ्याचं तेल वरच्या बाजूला आहे, टोकाला नाही. म्हणजे ते खालून सिलिंडरमधून आलेलं नाही, वरून टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून प्लगच्या खळग्यात झिरपलंय. पॅकिंग आणि प्लगच्या नळीचं सील बदला, खर्च थोडा आहे. सोडून दिलंत तर कॉइलचं रबर फुगेल आणि नव्या प्लगवरही गाडी मिसिंग मारेल. तपकिरी कड्याची चिंता सोडा. जास्त व्होल्टेजमुळे तिथं हवेतले तेलाचे कण ओढले जाऊन डाग पडतो, ऑइल गळतीशी त्याचा संबंध नाही.

नव्या प्लगवरही झटके आलेच, तर स्कॅनर लावा. पी ०३०३ हा बिघाडाचा कोड आला तर तिसरा सिलिंडर. लगेच नवी कॉइल घेऊ नका. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब, तिसऱ्यावरच राहिला तर दुसरं काही.

---

वाळवेकर, इस्लामपूर

आमचाच ऊस कारखान्यात जातो, त्याचंच इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं, म्हणून विचारतो. ई-२० पेट्रोलला वेगळा प्लग लागतो का? माझ्या गाडीचं ॲव्हरेज कमी झालंय.

---

पानेवाला, कुपवाड

नंबर बदलायची गरज नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणं त्या इंधनाचाच गुण आहे. पण प्लगला किती किलोमीटर झाले ते आधी बघा. ५० हजार झाले असतील तर निम्मा दोष तिथंच सापडेल. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

---

घाटवाट, सातारा

काम झालं. इरिडियम घेतले, गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी तक्ता लावून. दुकानदाराने एक खोकं दिलं त्यावरची छपाई पुसट होती आणि प्लगच्या आट्यांना कणी होती, ते परत केलं आणि अधिकृत विक्रेत्याकडून दुसरे आणले. गॅप तारेच्या गेजने नुसता तपासला, बरोबर होता, टोकाला कशानेही हात लावला नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळ्यांची सीलं नवी. कोयनाकाठ, रबरी नळीची युक्ती फार उपयोगी पडली. चौथ्या प्लगला नळी दोनदा सरकली, म्हणजे हाताने जोर केला असता तर आटा गेलाच असता.

काल मुद्दाम शिरवळपर्यंत जाऊन परत फिरलो आणि खंबाटकी गॅसवरच चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, आई मागे बसलेली. एकही झटका नाही. तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेत.

---

पानेवाला, कुपवाड

छान झालं दादा. जुने चार टाकून देऊ नका, सिलिंडर नंबर लिहून डब्यात ठेवा. दहा हजारांनी तिसऱ्याची कॉइल उचलून फक्त खळगा बघा. कोरडा असेल तर प्लगला हात लावायचा नाही. ओला असेल तर इथंच लिहा.